मदत हवी आहे: व्हिएतनाममध्ये स्वस्तातल्या बस-टूर घ्याव्यात का? (सोबत आई आणि मावशी)

नमस्कार मंडळी,

मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही तिघी व्हिएतनामला निघालोय. मी, आई (७१, उजवा गुडघा कुरकुरतो) आणि मावशी (६६, ठणठणीत, पण दर दोन तासांनी चहा लागतो). नवरा येत नाही. काजूच्या हंगामात तो लग्नालाही जात नाही, परदेश तर राहूच दे. मुंबईहून हो ची मिन्ह सिटी, तिथे चार रात्री, मग विमानाने दा नांग आणि तिथून होई आनला चार रात्री. विमानं, हॉटेलं झाली. अडलंय ते रोजच्या फिरण्यापाशी.

आधी माझी बाजू सांगते, म्हणजे प्रश्न नीट कळेल. फोंडा तालुक्यात आमचं कुळागर आहे. पोफळी, मिरी, जायफळ, वेलची, आणि गेली चौदा वर्षं पर्यटक. अकराच्या सुमाराला बस येते. गळ्यात माळ, हातात गवती चहाचा पेला, चाळीस मिनिटांचा फेरफटका, शेवटी मानेवरून पाठीत गार पाण्याची धार (सगळे किंचाळतात आणि सगळ्यांना तेच आवडतं), मग केळीच्या पानावर जेवण, घोटभर फेणी, आणि बाहेर पडायची वाट दुकानातून. ती वाट मुद्दाम तशी आहे, मीच आखलीय. विक्रीतला वाटा गाइड आणि ड्रायव्हरला जातो, जेवणही त्यांना फुकट. यात चोरी नाही, मसाला आमचाच आणि चांगला असतो. पण टूर इतकी स्वस्त कशी पडते, हे बसमधल्या माणसाला कोणी सांगत नाही.

त्या माणसाची दशा मी रोज बघते. मागच्या महिन्यात एक काकू पानावर बसल्या बसल्या मला विचारत होत्या, "आम्ही सकाळी मंगेशीला गेलो होतो की शांतादुर्गेला?" दोन्हीकडे जाऊन आल्या होत्या. वीस-वीस मिनिटं.

तर आता त्याच बसमध्ये मी बसणार. नेटवर बघतेय तर एकाच नावाच्या टूरचे भाव तिप्पट कमीजास्त. मेकाँग नदीच्या एका स्वस्त टूरचा कार्यक्रम वाचला: मधमाश्यांची बाग, मध घातलेला चहा, नारळाच्या वड्यांचा कारखाना, फळं आणि लोकसंगीत, होडी. वाचून हसूच आलं, हे तर माझंच कुळागर! नारळाच्या वड्या कशा करतात ते बघायला मी गोव्याहून तिथवर जायचं?

पण मावशीला तेच हवंय. आणि आईला हवंय ते मी सन. (जाहिरातीत 'माय सन' म्हणतात, तेच. चाम राजांनी बांधलेली जुनी शिवमंदिरं.) आई सोमवार करते, नागेशीची वारी चुकवत नाही. २०२० साली तिथे आपल्या पुरातत्त्व खात्याच्या लोकांना डागडुजी करताना नवव्या शतकातलं अखंड दगडी शिवलिंग सापडलं, त्याची बातमी तिने तेव्हा पेपरातून कापून ठेवली. ते कात्रण अजून पोथीत आहे. एरवी 'मला कशाला नेता' म्हणणारी बाई पासपोर्टच्या फोटोसाठी स्वतः साडी काढून बसली.

म्हणून विचारते: स्वस्त बस-टूरमध्ये नेमका कुठे हात आखडता घेतलेला असतो? कू ची (युद्धातली भुयारं) आणि मेकाँग एकाच दिवसात असं एक जोडपॅकेज दिसतंय, ते झेपेल का? मी सनला चाळीस जणांच्या घोळक्यातून आईला नेऊ की गाडी करू? आणि दुकानात काहीच घेतलं नाही तर तोंड वाकडं करतात का? (आमच्याकडे करत नाहीत. निदान समोर तरी.)

'परदेशात जाऊन ग्रुप टूर कशाला' या छापाची उत्तरं नकोत. तिघींचं बजेट ठरलेलं आहे.

शेवटचीसीट
ताई, आम्ही दोघे दोन वर्षांपूर्वी हेच सगळं स्वस्तातल्या बसने केलं. पश्चात्ताप नाही, पण दोन गोष्टी आधी माहीत असत्या तर बरं झालं असतं.

एक, बस वेळेवर येते पण निघत नाही. शहराच्या मध्यवस्तीतल्या दहा हॉटेलांपुढे थांबत थांबत माणसं गोळा करते. आम्ही पहिले चढलो आणि पाऊण तास तेच चौक पुन्हा पुन्हा बघितले. पिक-अप न घेता ऑफिसपाशी चालत जायचा पर्याय असेल तर तो घ्या.

दोन, तिकीट. मी सन आणि कू ची दोन्हीकडे सगळ्यात स्वस्त भावात प्रवेशाचं तिकीट नसतं, ते बसमध्ये बसल्यावर कळतं. ते धरलं की मधल्या भावाची टूर आणि ही जवळजवळ एकाच ठिकाणी येतात. फरक उरतो तो माणसांच्या संख्येचा. तिथे थोडे पैसे जास्त गेले तरी जाऊ द्या. बारा जणांत गाइड आईंच्या चालीने चालतो, चाळीसांत तो झेंडा घेऊन पुढे निघून जातो.

जोडपॅकेज अजिबात नको. कू ची शहराच्या वायव्येला, मेकाँगची टूर जाते ते मी थो गाव नैऋत्येला सत्तरेक किलोमीटरवर. मध्ये पुन्हा शहराची गर्दी पार करायची. दिवसभर बसची काच बघाल.

बोरीचा पूल
गोव्यातून निघून गोव्यातच पोचणार म्हणा की!
पण खरं सांगतो, मेकाँगला जा. वड्यांचा कारखाना म्हणजे एक मोठी शेड. बायका उकळता पाक ढवळतात, लांब पट्ट्या कापतात आणि वडी पातळ कागदात गुंडाळतात. तो कागद तांदळाचा, तोंडात विरघळतो. मी आधी सोलत बसलो होतो, शेजारची आजी हसली. ती छोटी होडी मात्र आईंसाठी विचार करून. बसायची फळी पाण्याला टेकल्यासारखी खाली, गुडघे छातीशी येतात, आणि मोठ्या बोटीतून तीत उतरताना ती हलते. हात द्यायला माणूस असतो. आईंनी वर थांबून शहाळं प्यायलं तरी काही बिघडत नाही. मार्चमध्ये ऊन सणसणीत असतं, टोप्या न्या.

अ_डिचोलकर
मनाई केलीत तरी लिहितो. ग्रॅब हे टॅक्सीचं ॲप घ्या, भाडं आधी दिसतं, घासाघीस नाही. तिघींत गाडी वाटली गेली की शहरातलं फिरणं बसपेक्षा फार महाग पडत नाही. वॉर रेम्नंट्स म्युझियमला (युद्धाचं संग्रहालय) तर गाइड लागतच नाही, फोटोच पुरे आहेत. वरचा मजला बघून बाहेर आल्यावर तासभर कोणाशी बोलावंसं वाटत नाही, त्या दिवशी संध्याकाळी दुसरं काही ठेवू नका.

शेवटचीसीट
@अ_डिचोलकर, शहरात ठीक. पण कू ची गाइडशिवाय म्हणजे जंगलातले खड्डे. २५० किलोमीटरचं भुयारांचं जाळं होतं, त्यातलं आपल्याला दिसतं ते बोटभर. हवेची भोकं वारुळाच्या आकाराची का, चुलीचा धूर लांब कुठे सोडायचे, हे कोणी दाखवलं तरच कळतं. भुयारं बघायच्या जागा दोन. बस बहुतेक बेन दिन्हला नेतात, ते जवळ पडतं. बेन दुओक लांब आहे, पण गर्दी कमी. भुयारात उतरायची सक्ती नाही, मधूनच बाहेर यायच्या वाटाही आहेत. शेवटी उकडलेला टॅपिओका देतात, ज्याचा साबुदाणा होतो तो कंद, शेंगदाण्याच्या कुटाबरोबर. मावशींच्या चहाची तिथे सोय होईल, पण दूध घातलेला नाही हो. आणि आत गोळीबाराची रेंज आहे, पैसे भरून खरी बंदूक चालवायची. आवाज अचानक येतो, आईंना आधी सांगून ठेवा.

मीठभाकर
खाण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. शाकाहारीला तिथे 'चाय' म्हणतात. पाटीवर 'चाय' वाचून मावशी आत शिरतील आणि समोर टोफू येईल! गंमत सोडा, टूरच्या जेवणात 'व्हेज' सांगितलं तरी माशाचा सॉस पडतोच, तो त्यांचा मिठासारखा. आईंचा सोमवार टूरच्या दिवशी येत असेल तर 'आन चाय' म्हणा, म्हणजे शाकाहारी जेवते. त्यांच्याकडेही बरेच बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी असं जेवतात, त्यामुळे कोणाला नवल वाटत नाही.

पैसे: शंभर रुपयांचे साधारण तीस हजार दोंग होतात. वीस हजारांची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळी. मी गाणाऱ्यांच्या डब्यात वीस हजार समजून पाच लाख टाकायला निघालो होतो, बायकोने मनगट धरलं. त्या दोन नोटा वेगळ्या खिशात ठेवा.

ई-व्हिसा सरकारी साइटवरच काढा, एका प्रवेशाचे २५ डॉलर. तशाच दिसणाऱ्या साइट जास्त घेतात. नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न बदलता.

बोरीचा पूल
मी सनबद्दल. होई आनहून चाळीसेक किलोमीटर. आठला निघणाऱ्या बस साडेनवाला पोचतात, सगळ्या एकदम. त्या विटांमध्ये ऊन असं साठतं की दहानंतर उभं राहवत नाही. पहाटेची टूर घ्या नाहीतर गाडी करून उघडता उघडता पोचा. गेटपासून आत नेणारी बॅटरीची गाडी तिकिटातच असते, पण त्यापुढे देवळांभोवती चालावं लागतं, पायऱ्या उंचसखल. १९६९ च्या अमेरिकन बॉम्बहल्ल्यात बरंच पडलं, खड्डे अजून दिसतात. मूर्ती फार अपेक्षू नका, पुष्कळशा दा नांगच्या चाम शिल्पांच्या संग्रहालयात नेल्यात. ते १९१९ पासूनचं आहे आणि आत सावली आहे. दा नांगला उतरलात की त्याच दिवशी ते करून टाका, म्हणजे आईंना दुसऱ्या दिवशी रिकामे गाभारे बघून वाईट वाटणार नाही.

बोटीने परत आणतो म्हणून जास्त पैसे घेणारी टूर असते. नदी छान, पण बोट वाटेत एका लाकूडकामाच्या गावी थांबते. का थांबते ते तुम्हाला मी सांगायला नको.

कुळागरवाली (धागाकर्ती)
सगळ्यांचे आभार. संग्रहालय आधी आणि मी सन नंतर हे माझ्या डोक्यातच आलं नसतं, तसंच करते. मी सनला हॉटेलची गाडी, पहाटे. कू ची अर्धा दिवस, लहान ग्रुप, आई वर बसेल. मेकाँग मात्र चाळीस जणांच्या बसनेच. मावशी म्हणते, ओळखी होतात.

@शेवटचीसीट, तिकिटाचं वाचून सगळ्या जाहिराती पुन्हा उघडल्या. निवडलेल्या दोन्हींत 'तिकीट वगळून' बारीक अक्षरात होतं. आमच्या बोर्डावरही 'फेणी फक्त चाखण्यापुरती' असंच बारीक आहे, तेव्हा कोणत्या तोंडाने बोलू.

एकच राहिलं: मी सनला आत बेलाचं पान ठेवू देतात का? आईने विचारायला सांगितलंय. ती सुकवून नेणार म्हणतेय, आणि विमानतळावर ते चालतं का हेही कोणी गेलेलं असेल तर सांगा. उद्या दोन बस आहेत, पंगत ऐंशीची, त्यामुळे उत्तर रात्रीच वाचेन. देव बरें करूं.