रविवारी शिफ्ट लागली तर प्रभूचा दिवस कसा पाळायचा?

मासुंदाकाठ:
ऐरोली-महापेच्या कंपन्यांत काम करणाऱ्या आपल्या तरुणांत एक समज रुळलाय: शनिवारी संध्याकाळची मिस्सा (कॅथलिक चर्चमधली मुख्य उपासना) झाली की रविवार मोकळा. शिफ्ट करा, मॉलला जा, काहीही करा. मला हे पटत नाही. कॅथलिक चर्चच्या 1983च्या कायदेसंहितेतला 1248वा नियम आदल्या संध्याकाळची मिस्सा चालते म्हणतो, हे खरं. पण त्याआधीचा 1247वा नियमही आहे. उपासनेला, या दिवसाच्या आनंदाला आणि तना-मनाच्या विश्रांतीला आड येणारी कामं टाळा, असं तो सांगतो. मिस्सा ही अर्धीच बाजू झाली.

रविवारची सुट्टी मागता येते. 2017च्या महाराष्ट्र दुकाने कायद्यानं आस्थापना 365 दिवस उघडी ठेवता येते, पण प्रत्येक कामगाराला आठवड्यात सलग 24 तास सुट्टी द्यावीच लागते. वार मात्र मालक ठरवतो. म्हणून रोस्टर लागायच्या आधी मेल करा. नुसतं ‘धार्मिक कारण’ लिहून थांबू नका, बदल्यात काय देता तेही लिहा: गणपती, पाडवा, भाऊबीज, धुळवड. त्या दिवशी टीम लीडला माणसं मिळत नाहीत. शिवाय याच कायद्यात सणांच्या आठ पगारी सुट्ट्या आहेत. त्यातल्या चार ठरलेल्या, उरलेल्या चार मालक-कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी ठरवायच्या. गुड फ्रायडे त्यात हवा असेल तर डिसेंबर उलटायच्या आत बोला. मार्चमध्ये बोलून उपयोग नाही.

बेलापूरकर:
सुट्टी नाही म्हणजे रविवार बुडाला, हे मान्य नाही. पहिली तीनशे वर्षं ख्रिस्ती लोकांना रविवारची सुट्टी नव्हतीच. ती 321 साली रोमन सम्राट कॉन्स्टंटाइननं दिली, आणि तेव्हाही शेतकऱ्यांना काम करायला मुभा होती. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये 20 काढून बघा. त्रोवस शहरात आठवड्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे रविवारी, मंडळी रात्री जमली होती, माडीवर दिवे लावून, आणि प्रेषित पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत होता. रोमन अधिकारी प्लिनीनं सन 112च्या सुमारास लिहिलेल्या पत्रातही ख्रिस्ती लोक पहाटेच्या आधी जमतात असा उल्लेख आहे. कामाच्या आधी नाहीतर कामानंतर जमायचं, हा त्यांचा शिरस्ता होता. बायबलमधलंच इब्री 10:25 एकत्र मिळणं सोडू नका म्हणतं, तिथं वार दिलेला नाही. आमच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी सकाळच्या एकाच उपासनेवर अडून न राहता रात्री आठची उपासना ठेवावी, प्रभुभोजनही (येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीतली भाकर आणि द्राक्षारस) तिथंच द्यावं.

आणि आपल्याकडच्या गिरणी कामगारांना 10 जून 1890ला रविवार मिळाला तो नारायण मेघाजी लोखंड्यांच्या लढ्यामुळं. मागणीत खंडोबाचा वार हेही कारण होतं. रविवार चर्चनं मिळवून दिलेला नाही.

मासुंदाकाठ:
लोखंड्यांचं उदाहरण माझ्या बाजूनं जातं. सुट्टी मागावी लागली, वर्षानुवर्षं लावून धरावी लागली. त्रोवसच्या मंडळीत गुलाम असतील, त्यांना मागायची सोयच नव्हती. तुम्हाला आहे. बायबलमधलं अनुवाद 5:14 दासदासींनाही विसावा मिळावा म्हणतं, ती आज्ञा रात्री आठला जमून पुरी होत नाही.

घणसोली_नाईट:
दोघंही ऑफिसवाल्यांचंच बोलताय. नर्स, मोटरमन, वॉचमन यांनी काय करायचं? कॅटेकिझमच्या (कॅथलिक चर्चच्या शिकवणीच्या ग्रंथाच्या) 2185व्या परिच्छेदात रविवारी काम करायला कुटुंबाची गरज आणि मोठी समाजसेवा ही कारणं मान्य आहेत, त्यांनी अपराधी वाटून घेऊ नये. पण वेळ नीट बसवावी. सकाळी सातला नाईट सुटली की तसंच आठच्या मिस्सेला जाऊन बाकावर डुलक्या घेण्यात अर्थ नाही. झोपा आणि संध्याकाळी जा. कम्युनियनआधी (मिस्सेत प्रभुभोजन घेण्याआधी) एक तासाचा उपवास असतो, तो कम्युनियनपासून मागं मोजायचा, मिस्सा सुरू होण्यापासून नाही. सहाच्या मिस्सेला जाणाऱ्यानं पाचपर्यंत चहा-वडापाव उरकला तर अडचण येत नाही. पाणी आणि औषधानं उपवास मोडत नाही. ठाणे-वाशी किंवा पनवेल लाइननं जाणार असाल तर शनिवारीच मेगाब्लॉक बघा. तो साधारण दहा-अकरापासून चारपर्यंत असतो, म्हणजे नेमकी दहाची उपासना सापडते.

कोलशेत:
2185 वाचलात, तसा 2187ही वाचा. दुसऱ्याला त्याचा रविवार पाळता येणार नाही अशी विनाकारण मागणी करू नका, असं तिथं आहे. मिस्सेवरून येऊन अॅपवर बिर्याणी मागवणं यातच मोडतं. शनिवारी रात्री सोरपोतेल (डुकराच्या मांसाचा मसालेदार रस्सा) करून ठेवा, ते दुसऱ्या दिवशीच चांगलं मुरतं.

बेलापूरकर:
याला माझा ठाम विरोध. डिलिव्हरीवाल्याची कमाई ऑर्डरवर चालते. तुम्ही ऑर्डर थांबवली तर त्याला विसावा मिळत नाही, गिऱ्हाईक तुटतं. त्याच्या सुट्टीचे पैसे कंपनी देणार असेल तरच हे बोला.

कोलशेत:
मुद्दा मान्य, पण म्हणून सवय सोडायची नाही हे मान्य नाही. तीच ऑर्डर शुक्रवारी द्या, त्याची कमाई तेवढीच राहते. आणि दहावीच्या क्लासच्या रविवारी सकाळी आठच्या टेस्टचंही उदाहरण घ्या. एकट्या पालकानं सांगितलं तर सर ऐकत नाहीत. धर्मग्रामातले (एका चर्चच्या हद्दीतले) चार-पाच पालक बॅच सुरू होताना, फी भरण्याआधी, एकत्र जाऊन अकराची वेळ मागा.