दाढेचा ठणका थांबला, तरी रूट कॅनॉल करावंच लागेल का?

नमस्कार. आईच्या दाढेबद्दल विचारायचं आहे. वय ६३, मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत.

महिन्याभरापूर्वी उजवीकडची खालची पहिली मोठी दाढ त्रास द्यायला लागली. आधी गार पाण्याने कळ यायची आणि मिनिटभर जायची नाही. मग गरमानेही यायला लागली, मग नुसतं आडवं पडलं तरी. दोन रात्री तिने उशीला टेकून बसून काढल्या. तिसऱ्या दिवशी ठणका आपोआप थांबला आणि मीही डॉक्टरकडे न्यायचं लांबवलं. ते लांबवायला नको होतं. आता त्याच दाढेखाली हिरडीवर टाचणीच्या डोक्याएवढी पुळी आली आहे. फुटली की किंचित पू येतो, दोन दिवसांनी पुन्हा भरते.

काल दाखवलं. डॉक्टरांनी आरशाच्या दांडीने एकेक दाढ हलकेच वाजवली, आणि त्या दाढेवर आल्याबरोबर आईने खुर्चीचा हात घट्ट धरला. पण गारेगार कापसाचा बोळा टेकवला, तर तिला काहीच जाणवलं नाही! एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी काळा डाग आहे. नस मेली आहे, दोन-तीन सिटिंगमध्ये रूट कॅनॉल आणि नंतर कॅप, असं सांगितलं. बाहेर गर्दी होती, फार विचारता आलं नाही.

आईचं म्हणणं, "आता दुखत नाही ना, मग कशाला छेडायची? गोळ्या दे, नाहीतर काढूनच टाकू." तिला समजवायचं तर आधी मला कळायला हवं. नस मेली, तर ठोकल्यावर दुखतं कसं? गोळ्यांनी का भागत नाही? आणि मधुमेहात हे चालतं का?

प्रतिसाद १

मी दंतवैद्य आहे. तपासल्याशिवाय निदान करणार नाही, पण तुम्ही लिहिलेला क्रम अगदी ओळखीचा आहे.

दाढेच्या पोटात नस आणि रक्तवाहिन्या असतात, चारही बाजूंनी टणक भिंती. कीड तिथवर पोचली की नस सुजते, पण सुजायला जागाच नसते. म्हणून तो जीवघेणा ठणका. नस मेली की ठणका थांबतो, जंतू मात्र आतच राहतात. ते मुळाच्या टोकातून बाहेर पडतात आणि तिथलं हाड झिजतं. एक्स-रेमधला काळा डाग तोच. पुळी म्हणजे पुवाने शोधलेली वाट. वाट मिळाली म्हणून दाब साठत नाही, म्हणून आईंना दुखत नाही. ती वाट बंद झाली तर गाल सुजू शकतो.

गार-गरम कळतं ते आतल्या नसेमुळे, ती मेली. पण मुळाला हाडाशी धरून ठेवणारे तंतू जिवंत आहेत आणि तेच सुजले आहेत. म्हणून ठोकल्यावर कळ आली.

गोळीतलं औषध रक्तातून पोचतं. मेलेल्या नसेत रक्तच जात नाही, मग औषध तिथवर जाणार कसं? सूज पसरली किंवा ताप आला तर अँटिबायोटिक लागतं, पण तेही डॉक्टरांनी दिलं तरच, आणि मूळ घाण साफ करावीच लागते.

रूट कॅनॉल म्हणजे ती सफाई. भूल देऊन, दाढेभोवती रबरी पडदा लावून वरून छिद्र करतात. खालच्या पहिल्या दाढेला बहुधा दोन मुळं आणि तीन नळ्या असतात, कधी चार. बारीक फाइलींनी त्या घासायच्या, सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशक द्रावणाने पुन्हापुन्हा धुवायच्या, दोन सिटिंगच्या मध्ये आत औषध ठेवायचं आणि शेवटी गटापर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थाने भरून बंद करायच्या. एक नळी राहून गेली तर जंतू तिथेच राहतात, म्हणून घाई करत नाहीत.

दाढ काढणं हाही उपाय आहे. ती उभी चिरली असेल किंवा फारच थोडी उरली असेल, तर तोच. पण वाचण्यासारखी असेल तर मी काढणार नाही. जागा रिकामी राहिली की शेजारची दाढ कलते, वरची खाली उतरते.

मधुमेहात रूट कॅनॉल करता येतं. साखर आटोक्यात हवी, नाहीतर भरून यायला वेळ लागतो. उलट, असा जुना संसर्ग साखरही वर ठेवू शकतो. सकाळची वेळ घ्या. नेहमीचं खाणं आणि गोळ्या चुकवू नका. चालू औषधांची यादी सोबत न्या.

प्रतिसाद २

माझंही याच दाढेचं झालं. भुलेची सुई टोचली तेवढीच, बाकी तासभर तोंड उघडं ठेवून जबडा अवघडला. नंतर दोन-तीन दिवस चावताना हुळहुळत होतं. कॅप मात्र टाळू नका. मी टाळली आणि चार महिन्यांत दाढेचा तुकडा उडाला. आईंना सांगा, घाबरण्यासारखं खरंच नाही.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. आईला सगळं वाचून दाखवलं. "पुवाने शोधलेली वाट" ऐकून ती गप्प झाली, मग स्वतःच आरशात पुळी बघून आली. तयार झाली आहे. मंगळवारी सकाळची वेळ घेतली. तोवर काय सांभाळायचं?

प्रतिसाद १

पुळी दाबू नका, बाहेरून शेकू नका. ब्रश नेहमीसारखा करा, चावणं डाव्या बाजूने. गाल किंवा जबड्याखाली सूज आली, ताप आला, तोंड उघडेना, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर मंगळवारची वाट न बघता, रात्र असली तरी थेट रुग्णालयात न्या.