३२ किलोहर्ट्झचा क्रिस्टल तांदळाएवढा, मग ४ मेगाहर्ट्झचा मोठा कसा?

सोल्डरवाला_सांगली:
डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ आणि एक जुना मायक्रोकंट्रोलर बोर्ड उघडून बसलोय. घड्याळातला ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल (सर्किटला ठेका देणारा क्वार्ट्झचा तुकडा) तांदळाच्या दाण्याएवढ्या नळीत आहे, आणि बोर्डावरचा ४ मेगाहर्ट्झचा चांगल्या उंच, चपट्या डबीत. वस्तू लहान तेवढी फ्रिक्वेन्सी जास्त, असं शिकलोय. इथे उलटं कसं? दोन्ही फोडले. नळीत दोन पायांचा काटा निघाला, डबीत गोल काच आणि मधोमध चांदीचा ठिपका.

बायनरी_बंडू:
३२७६८ म्हणजे २ चा १५ वा घात. पंधरा वेळा निम्मं केलं की सेकंदाला एक ठोका, म्हणून तो आकडा. आकाराचं लॅपिंगताई सांगतील, त्यांची हयात त्यात गेली.

लॅपिंगताई:
बंडूने हाक मारली म्हणून आले. मी क्रिस्टलच्या कारखान्यात लॅपिंगला, म्हणजे चकत्या घासून पातळ करायच्या कामाला होते, आता निवृत्त.

बाळा, डबीतली ती काच नाही, एटी-कट (ठरावीक कोनात कापलेल्या) क्वार्ट्झची चकती आहे. तिचा वरचा पृष्ठभाग एकीकडे सरकतो तेव्हा खालचा उलट्या दिशेला सरकतो. त्यामुळे फ्रिक्वेन्सी जाडीवर ठरते, व्यासावर नाही. हिशेब तोंडी होतो: १.६६ भागिले मेगाहर्ट्झ, उत्तर मिलिमीटरमध्ये. ४ ला ०.४१५, १६ ला जेमतेम ०.१०४. आता याच हिशेबाने ३२.७६८ किलोहर्ट्झ काढ. पाच सेंटिमीटर जाड ठोकळा येतो, वर रुंदी त्याच्या कित्येक पट हवी. बांध मनगटाला!

म्हणून घड्याळवाले जाडीच्या नादी लागत नाहीत. तुझ्या नळीतला दोन पायांचा काटा म्हणजे नादकाटा, त्याचे पाय वाकतात. तिथे पाय रुंद केला तर फ्रिक्वेन्सी वाढते, आणि लांबी दुप्पट केली तर ती चौथाईवर येते. साधारण तीन मिलिमीटर लांब आणि मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा रुंद पाय घेतलास की ३२ किलोहर्ट्झच्या आसपास पोचतोस. १९६९ च्या सैको ॲस्ट्रॉनमधला काटा तर ८१९२ हर्ट्झचाच होता. हल्ली हे काटे पातळ वेफरवर मास्क लावून रसायनाने कोरतात आणि टोकावरचा धातू लेसरने उडवून आकडा जुळवतात.

आमचं काम चकत्यांचं. खाली-वर लोखंडी तबकड्या, मध्ये दातेरी कॅरियर, त्याच्या भोकांत ब्लँक (कच्च्या चकत्या) आणि वरून कालवलेली घासपूड. क्वार्ट्झवर दाब आला की तो वीज देतो, त्यामुळे घासताना ब्लँक आपल्याच फ्रिक्वेन्सीवर खरखरतात. मशीनला रेडिओ रिसीव्हर लावलेला असे. ती खरखर डायलवर कुठे लागते यावरून लॉट कुठवर आलाय ते कळायचं. नवीन मुली डायलच्या काट्याकडे बघत बसायच्या, मी कान लावायचे.

पण नुसतं घासून नेमका आकडा मिळत नाही. १६ मेगाहर्ट्झला एक मायक्रॉन इकडेतिकडे झाला तर दीडशे किलोहर्ट्झचा फरक पडतो. २० पीपीएमचा, म्हणजे दहा लाखांत वीसचा फरक म्हणजे दोनच नॅनोमीटर! म्हणून ब्लँक मुद्दाम जरा वरच्या फ्रिक्वेन्सीला ठेवायचा आणि चांदी चढवत खाली आणायचा. तो ठिपका नुसता वीज द्यायला नाही.

तुझ्या चकतीची कड चाचपून बघ, उतरती असेल. जाड चकतीत थरथर कडेपर्यंत पसरते आणि तिथे क्लिपा धरलेल्या, सगळा जोर वाया. कड पातळ केली की थरथर मधोमधच अडकून राहते. त्यासाठी ब्लँक घासपुडीबरोबर पाइपात घालून तासन्तास फिरवायचे. पाइपाच्या गोलाईने कडा झिजतात.

फिरता_हॅम:
आम्हा हौशी रेडिओवाल्यांच्या पिढीने लष्करी भंगारातले एफटी-२४३ डबीचे क्रिस्टल घरी जुळवलेत. तीन स्क्रू काढायचे, काचेवर टूथपेस्ट, त्यावर क्रिस्टल घासायचा, फ्रिक्वेन्सी वर. जास्त वर गेली तर पेन्सिलीने दोन रेघा ओढायच्या, खाली.

लॅपिंगताई:
@फिरता_हॅम आणि सहा महिन्यांनी आपोआप पुन्हा वर चढायची ना? घासलेल्या पृष्ठभागावर चिरा राहतात, त्यातून कण सुटत जातात. दुसऱ्या महायुद्धात हीच डोकेदुखी झाली होती. तेव्हापासून शेवटचा थर घासत नाहीत, रसायनात विरघळवतात.

सोल्डरवाला_सांगली:
ताई, ३.२ × २.५ मिमीच्या एसएमडीत (बोर्डाच्या पृष्ठभागावरच सोल्डर होणाऱ्या डबीत) ४ मेगाहर्ट्झचा शोधून मिळाला नाही, तो यामुळेच का? आणि दुसऱ्या बोर्डावरच्या १६ च्या बुटक्या डबीत चकतीऐवजी पट्टी निघाली.

लॅपिंगताई:
हो, यामुळेच. जाडी ०.४ आणि आत जागा दोन-अडीच मिलिमीटर, मग थरथर अडकवायची कुठे?

बुटक्या डबीत पिनांमधलं अंतर तेच ४.८८ मिलिमीटर ठेवलंय, उंची मात्र साडेतीनवर आणली. तिथे आठ मिलिमीटरची चकती उभी राहत नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी कापून पट्टी. पट्टीची एक खोड असते. तिचं वाकणं एखाद्या ठरावीक तापमानाला जाडीच्या थरथरीशी जुळतं आणि ती थरथरच मंदावते. म्हणून रुंदी-जाडीचं गुणोत्तर फार जपून निवडतात. तुझ्याकडे फ्रिक्वेन्सी काउंटर असेल तर बोर्ड चालू ठेवून हेअर ड्रायरने हळूहळू तापव आणि आकडे लिहीत जा. वक्ररेषेत मध्येच खड्डा दिसला, तर रुंदी चुकलेली पट्टी तुझ्या हाती लागली म्हणून समज.