मदत हवी आहे: उद्यमनगरच्या जुन्या शेडमध्ये 10 एचपीचा कॉम्प्रेसर चालेल का?

शेड_मालक
थ्री फेज आहे, मेन स्विच 63 अँपिअरचा. पिस्टनचा कॉम्प्रेसर सोमवारी येतोय. वायरमन म्हणतो जोडून टाकू. चालेल ना? लवकर सांगा.

टाँगटेस्टर
स्विचवरून काय कळणार? मंजूर भार किती, मीटरपासून पॅनलपर्यंत केबल कुठली, आत्ता काय काय चालतं?

शेड_मालक
मंजूर 25 एचपी. केबल 16 चौरस मिमीची ॲल्युमिनियम, पत्र्याखालून. दोन लेथ 3-3 एचपी, मिलिंग 5, सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) 15 केव्हीए. बास.

सूर्यछत्री
पत्र्यावर सोलर टाका, बिलाची कटकट संपली.

टाँगटेस्टर
बिलाचं विचारलंय कुणी? सोलरनं केबल जाड होत नाही.
415 व्होल्टला एचपीमागे साधारण 1.4 अँपिअर धरा. लेथ-मिलिंग 15, सीएनसी 21, कॉम्प्रेसर 14. झाले 50. हवेतून नेलेली 16ची पीव्हीसी केबल 40 अंशाला जेमतेम तेवढंच झेलते, एप्रिलात पत्र्याखाली त्याहून कमी. 63चा फ्यूज उडायच्या आधी केबल भाजेल.

पॅनलवाला
सगळं एकदम कुठं चालतंय लगा? डायव्हर्सिटी, म्हणजे एका वेळी चालणारा हिस्सा, 0.7 धरा, 35 आले.

टाँगटेस्टर
सीएनसी दिवसभर चालणार, तिला 0.7 कशाचं? काम जोरात असताना तिन्ही फेजवर क्लॅम्प मीटर लावा. बिलावरच्या एमडीवर (मॅक्झिमम डिमांड) जाऊ नका, ती काही मिनिटांची सरासरी असते. स्टार्टिंगचा झटका तिच्यात दिसत नाही.

शेड_मालक
मोजलं. आर फेज 52 अँपिअर, वाय 47, बी 24. वेल्डिंग चालू होतं.

पॅनलवाला
वेल्डिंग? ते यादीत कुठं होतं?

शेड_मालक
रोज नसतं हो. 12 केव्हीए, दोन फेजवर.

टाँगटेस्टर
म्हणजे आर-वायवर 29ची भर. त्यावर कॉम्प्रेसर आला की आर 66 च्या आसपास. मीटरपासून 35 चौरस मिमीची केबल टाका, 100 अँपिअरचा एमसीसीबी (मोठा ब्रेकर) 80 वर सेट करून. डीओएल, म्हणजे थेट लाइनवर सुरू करणारा स्टार्टर, नको: सुरू होताना सहापट, 85 च्या आसपास ओढेल आणि सीएनसीचा ड्राइव्ह लो व्होल्टेजचा अलार्म देईल. स्टार-डेल्टा स्टार्टर लावा, तो आधी स्टारमध्ये कमी करंटवर मोटर उचलतो, मग डेल्टावर नेतो. पण स्टारमध्ये टॉर्क (फिरवायचा जोर) एक तृतीयांशच मिळतो, म्हणून सुरू होताना पंपावरचा दाब सोडणारा अनलोडर नीट हवा. टाकीतली हवा मागे येऊ न देणारा चेक व्हॉल्व्ह गळत असेल तर पंपावर दाब राहतो, मोटर उचलतच नाही.

पॅनलवाला
त्यापेक्षा व्हीएफडी, मोटरचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह.

टाँगटेस्टर
झटक्यापुरता ठीक. पण फेरे फार उतरवले की पंपात उडवून (स्प्लॅश) दिलं जाणारं ऑइल वर पोचत नाही, पिस्टन धरतो.
आणि मालक, 25 एचपी म्हणजे 18.65 किलोवॅट. तुमच्या मोटरी 8.2 आणि सीएनसी 13 च्या घरात, म्हणजे वेल्डिंग न धरताही तुम्ही आत्ताच मंजुरीच्या वर आहात. आधी भारवाढीचा अर्ज, लायसनवाल्या ठेकेदाराच्या टेस्ट रिपोर्टसह. 20 किलोवॅटच्या पुढे डिमांड चार्ज केव्हीएवर लागतो, तेव्हा पॉवर फॅक्टर सुधारणारे कपॅसिटरही तपासा.

शेड_मालक
तोवर वेल्डिंग बंद ठेवून चालवू?

टाँगटेस्टर
वेल्डिंग नसलेल्या बी फेजवर 24 आहेत, त्यात कॉम्प्रेसरचे 14, म्हणजे 38. स्टार-डेल्टावर असेल तर केबलला चालेल, मंजुरीला नाही. तपासणीत सापडलात तर वीज कायद्याचं कलम 126, दुप्पट दरानं आकारणी.

सूर्यछत्री
वेल्डिंग मशीन काढणार असाल तर किती घेणार?