मदत हवी आहे: सगळ्या प्रोजेक्टचा डेटा एकाच टूलमध्ये आणायचा आहे

सरळरेषा: आमच्याकडे कामांची नोंद ठेवायला प्रत्येक टीमचं वेगळं टूल. कुणाचं जिरा, कुणाचं ट्रेलो, उरलेल्यांच्या एक्सेल शीट. महिनाअखेरीस वरच्यांना एकत्र रिपोर्ट हवा असतो आणि जुळवाजुळव माझ्या गळ्यात. आता एकच टूल घ्यायचं ठरलंय. कोणतं घेऊ? सोमवारी नाव द्यायचं आहे.

चष्मेवाला: माणसं किती? क्लाउड चालेल की स्वतःचा सर्व्हर? सगळ्या टीम सॉफ्टवेअरच्याच का?

रेडमाइनप्रेमी: डोळे झाकून रेडमाइन. ओपन सोर्स, लायसन्सचा खर्च नाही, गँट चार्ट (कुठलं काम कधी ते कधी, याचा पट्ट्यांचा तक्ता) आणि टाइम ट्रॅकिंग आतच मिळतं.

क्यूएवाली: आणि सर्व्हर, बॅकअप, अपग्रेड कुणी बघायचं? लावणारा नोकरी सोडून गेला की सगळे हात वर करतात. जिरा आहेच, बाकीच्यांनाही त्यात घ्या.

रेडमाइनप्रेमी: जिरा स्वतःच्या सर्व्हरवर चालवणाऱ्यांचं काय झालं? सर्व्हर आवृत्तीचा सपोर्ट १५ फेब्रुवारी २०२४ ला बंद.

सरळरेषा: अहो, क्लाउड चालेल! दोनशेच्या आसपास माणसं. खरेदी विभागही आहे, त्यांना जिरा नको.

चष्मेवाला: मग टूल नंतर. 'पूर्ण' कशाला म्हणायचं ते आधी ठरवा. कोडवाल्यांचं काम टेस्टिंग झालं की संपतं. खरेदीवाल्यांचं कधी, ऑर्डर गेल्यावर की माल हातात पडल्यावर? हे न ठरवता टूल आणलंत तर रिपोर्ट एकत्र दिसेल, पण आकड्यांचा मेळ बसणार नाही. प्रोजेक्ट कोड, जबाबदार व्यक्ती, स्टेटस, ठरलेली तारीख एवढीच फील्ड सगळ्यांना सक्तीची करा.

जुनीफाइल: एक्सेलला नावं ठेवू नका. फक्त जुना एक्सएलएस फॉरमॅट टाळा, त्यात एका शीटवर ६५,५३६ ओळीच मावतात. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये त्यापायी जवळपास १६ हजार कोविड रुग्णांच्या नोंदी वेळेत पुढे गेल्याच नाहीत. पिव्होट टेबल (एक्सेलमधला गटवार बेरजांचा तक्ता) शिकायचं असेल तर सांगा.

सरळरेषा: पिव्होट येतं. जुना डेटा सगळा आणायचा का?

क्यूएवाली: मुळीच नको. चालू प्रोजेक्ट आणा, बंद झालेले वाचण्यापुरते ठेवा. सीएसव्हीतल्या (डेटा हलवायच्या साध्या मजकूर फाइलमधल्या) तारखा नीट तपासा, ०३/०४ म्हणजे कुणाचा ३ एप्रिल, कुणाचा ४ मार्च. आणि जुन्या शीट त्याच दिवशी लॉक करा.

सरळरेषा: वरचे म्हणतात, तीन महिने दोन्ही चालू ठेवू.

क्यूएवाली: मग लोक शीटच भरणार.

चष्मेवाला: सगळ्यांचं एकदम हलवण्यापेक्षा एकेक टीम आणा, जी आली तिची शीट बंद. सोमवारी नावाऐवजी त्या चार फील्डची यादी द्या. खरेदीतलं कुणी निवडीत आहे का?