टायबेरियसचं ऑरियस: मागची बाई कोण आणि चेहऱ्यावर घाव का?

प्रश्न (नाणेवेडा): रोमन सम्राट टायबेरियसचं ऑरियस (सोन्याचं नाणं) विकायला आलंय. वजन ७.७५ ग्रॅम, व्यास १९ मिमी. दर्शनी बाजूला उजवीकडे पाहणारं मस्तक, मागच्या बाजूला बसलेली बाई आणि 'पाँटिफ मॅक्सिम' (मुख्य पुरोहित, सम्राटाचं एक पद) अशी अक्षरं. गालावर छिन्नीचा आडवा घाव आहे. विकणारा म्हणतो, दक्षिण भारतातलं आहे. घ्यावं का?

उत्तर (ताम्रपट): वजन योग्य आहे. नंतरचा सम्राट नीरोने इ.स. ६४ च्या सुमारास ऑरियस साधारण ७.३ ग्रॅमवर आणलं, टायबेरियसचं (इ.स. १४–३७) त्याआधीचं. बाईचं नाव नाण्यावर नाही. हातात राजदंड आणि फांदी, म्हणून शांतिदेवता; बरेच जण तिच्यात टायबेरियसची आई लिव्हिया पाहतात. खुर्चीचे पाय नीट बघा. साधे की नक्षीदार, खाली रेघ एक की दोन, यावरून उपप्रकार ठरतो. फोटोत नेमका हाच भाग अंधारात आहे.

उत्तर (कसोटी): सोनं किती शुद्ध ते कळायला आधी पाण्यातलं वजन घ्या. दोऱ्याने टांगून पूर्ण बुडवलं की सुमारे ०.४० ग्रॅम घट यायला हवी (७.७५ ÷ ०.४० = १९.४, म्हणजे पाण्याच्या सुमारे १९ पट जड, जवळपास शुद्ध सोनं). २२ कॅरेटला घट ०.४४ च्या आसपास येते. फरक एवढा बारीक, की ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर विसंबू नका, ०.००१ चा घ्या. नाण्याला बुडबुडे चिकटले की घट जास्त दिसते आणि चांगलं सोनंही हिणकस ठरतं. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका.

पण यातून फक्त सोनं कळतं, वय नाही. चांगल्या सोन्यातही नकला पाडतात. १० पट भिंगातून कड पाहा: जोडाची रेघ किंवा बारीक खड्डे दिसले तर ते ओतीव, म्हणजे साच्यात ओतलेली नक्कल.

उत्तर (ताम्रपट): घावाने बिचकू नका. १८९८ मध्ये तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टईला सापडलेल्या ५०१ ऑरियसांपैकी बहुतेकांच्या चेहऱ्यावर असेच घाव आहेत. मुलामा तपासायला घातले म्हणतात, ते मला पटत नाही. एवढ्या नाण्यांवर नेमका चेहराच का? चलनातून बाद करून निव्वळ सोनं म्हणून वापरण्याची खूण, हे जास्त सयुक्तिक वाटतं. खऱ्या घावात धातू दोन्ही बाजूंना उचलला जातो. ओतीव नकलेत त्याच्या कडा बोथट असतात आणि तळ गुळगुळीत.

उत्तर (कसोटी): आणि विक्रेत्याचा परवाना बघा, १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने तो लागतो. 'शेतात सापडलं' म्हणाला तर हात लावू नका, १८७८ च्या कायद्याने ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

नाणेवेडा: कडेचा आणि खुर्चीचा फोटो मागवतो.