डच फुलांचं जुनं चित्र लिलावात आलंय, पानं निळी आहेत, नकली असेल का?

ट्यूलिपवेडी: नमस्कार मंडळी, आम्ही उट्रेख्टला राहतो. इथल्या एका छोट्या लिलाववाल्यांकडे पुढच्या आठवड्यात एक फुलांचं चित्र निघतंय, कॅटलॉगमध्ये "फॉलोअर ऑफ यान व्हान हाउसम" (फुलांची चित्रं काढणारा जुना डच चित्रकार) लिहिलंय, अंदाज २,००० ते ३,००० युरो. काल बघून आले. गुलाब, पिओनी, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा ट्यूलिप, खाली संगमरवरी कट्ट्यावर अंड्यांसकट घरटं, आणि एका पाकळीवर मुंगी, इतकी हुबेहूब की मी फुंकर मारणार होते! पण पानं चक्क निळी, निळीत बुडवून काढल्यासारखी. नवरा म्हणतो नकली आहे, नाद सोड. काय करू?

रंगपेटी: नवऱ्याला सांगा उलट आहे 😀 तेव्हा हिरवा करायला निळ्यात किंवा निळ्यावर वनस्पतींपासून काढलेला पिवळा वापरायचे, तो उजेडाने उडतो आणि निळा तेवढा उरतो. हळदीचा डाग उन्हात टाकला की जातो ना, तसंच. म्युझियममधल्या भल्या भल्या चित्रांत निळी पानं दिसतात. बाकी "फॉलोअर ऑफ" म्हणजे हाउसमचा हात नाही, त्याच्या वळणाने काढणारा दुसरा कोणीतरी, त्यामुळे नावासाठी पैसे मोजू नका.

शंकेखोर: निळ्या पानांवर भाळू नका, एवढं नकली करणाऱ्यालाही कळतं. आधी पाठ बघा: जुनी लेबलं, खिळे, कॅनव्हास. मग यूव्ही (अतिनील प्रकाशाचा) टॉर्च मारायला सांगा, नंतर केलेलं टचअप बहुतेक वेळा काळं दिसतं. रंगांची तपासणी झाली असेल तर रिपोर्ट मागा, टायटॅनियम व्हाइट मूळ थरात निघाला तर चित्र विसाव्या शतकातलं. प्रशियन ब्लू निघाला तर घाबरू नका, तो १७०० नंतर लगेचच आला आणि हाउसम १७४९ ला गेला. आणि बायर्स प्रीमियम (लिलाववाले घेणाऱ्याकडून घेतात ते कमिशन) धरूनच हिशोब करा, बोलीच्या वर पाव हिस्सा सहज जातो.

मावा_आणि_मी: ट्यूलिप वसंतातला, गुलाब उन्हाळ्यातला, एका फुलदाणीत कसे हे कोणी विचारलंच नाही! फुलं जशी यायची तशी एकेक काढून ठेवायचे नि मग जुळवायचे. हाउसमने तर १७४२ मध्ये गिऱ्हाइकाला कळवलेलं की पिवळा गुलाब मिळाला नाही म्हणून चित्र अडलंय. आणि ते पट्टे म्हणजे ट्यूलिपचा रोग, मावा पसरवतो तो व्हायरस, १६३७ च्या आधी अशाच रोगट कांद्यांना लोक वेड्यासारखे पैसे मोजत होते. शेतकऱ्याच्या पोराला हे पचत नाही, आम्ही मावा दिसला की फवारा मारतो 😂 चित्रात झेंडू आहे का? या जुन्या डच चित्रांत असतो कधीकधी, मेक्सिकोहून आलेला, आपल्या दसऱ्याचा तोच.

ट्यूलिपवेडी: झेंडू नाही हो, मी पण शोधला. आज परत गेले, टॉर्च त्यांच्याकडेच होता. ट्यूलिपच्या डाव्या बाजूला काळे डाग दिसले, म्हणजे तिथे नंतर हात फिरवलाय, आणि मागे दुसरा कॅनव्हास डकवलाय त्यामुळे लेबलं वगैरे काहीच नाही. तिथल्या बाई म्हणाल्या अंदाज हे धरूनच लावलाय. प्रीमियमसकट २,४०० च्या वर जायचं नाही असं घरात ठरलंय, हात नवरा वर करणार, माझ्यावर भरवसा नाही त्याचा. मुंगीवर डाग नव्हता पण, ती आधीपासूनची दिसतेय.